एका डब्यात दहा हजार गेम : निवडायचे कसे?



यात्रांचा हंगाम तोंडावर आला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. यंदा स्टॉल कसला लावायचा? भजी आणि वडापाव सगळेच लावतात. पापड-कुरडया यात्रेत कुणी घेत नाही. मग एखादी म्हणते, पोरांच्या खेळाचं काहीतरी लावू या, पोरं आली की आयाही येतात. हल्ली त्यात एक नवीन वस्तू शिरली आहे. मुंबईहून येणारा कुणीतरी सांगतो की तळहाताएवढा डबा मिळतो, टीव्हीला जोडला की त्यात दहा हजार व्हिडिओ गेम असतात. एका डावाला दहा रुपये घेतले तरी दोन यात्रांत पैसे वसूल!

आमच्या गटातही हीच चर्चा झाली. पैसे साऱ्यांच्या बचतीचे, म्हणून आम्ही ठरवलं की आधी डब्यातला माल निवडून पाहायचा. रेशनचे तांदूळ घरी आणले की आपण ताटात पसरून निवडतो ना, तसंच. खडे किती, कणी किती, तांदूळ किती. हे निवडायला आम्हाला मदत केली आमच्यातल्या एकीच्या भावाने. तो लालबागला चाळीत राहतो, वय पंचेचाळिशीचं, आम्ही सगळ्या त्याला दादाच म्हणतो. गणपतीला गावी आला तेव्हा त्याने स्वतःचा असाच डबा आणला होता. त्याच्याकडचा साठा त्याने देशावार लावून ठेवलाय. कुठला गेम जपानचा, कुठला अमेरिकेचा, कुठला साऱ्या जगासाठीचा. आम्हाला आधी वाटलं, हा रिकामटेकडा उद्योग आहे. मग कळलं की दहा हजारांतलं खरं किती आणि फुगवलेलं किती, हे समजायचा रस्ता तिथूनच जातो.

गिरणगाव म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांतली माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि पुष्कळांचा पगार पुन्हा सुरू झालाच नाही. लोअर परळची फिनिक्स मिल आज मॉल आहे. संपानंतरच्या त्या वर्षांत, नव्वदीत तर फारच, लालबाग, परळ, दादर, गिरगावच्या गल्ल्यांत व्हिडिओ गेमची पार्लरं दिसू लागली. जिन्याखालची एखादी खोली, आत दोन-चार उंच लाकडी कपाटं. प्रत्येक कपाटात टीव्ही, खाली एक दांडा, काही बटणं आणि नाणं टाकायची फट. दादा सांगतो, आईने दळणाला दिलेल्या पैशातला एक रुपया त्या फटीत गेला की घरी पाठ शेकायची. दळण मात्र रुपयाचं कमी यायचं नाही, गिरणीवाल्याकडे उधारी राहायची. हे ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघींना आपापल्या पोरांच्या उधाऱ्या आठवल्या.

त्या पार्लरांतला सगळ्यात गाजलेला गेम कुठला, असं विचारलं तर दादाच्या वयाचा माणूस एकच नाव घेतो : मुस्तफा. आता गंमत ऐका. मुस्तफा नावाचा गेम कुठल्याच कंपनीने काढलेला नाही. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या चित्रकथेवरून तो बेतलेला होता. त्यात खेळाडूला चौघांतून एक गडी निवडता येतो. जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. हॅना ही त्यातली एकटी बाई. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे नाव कोण उच्चारत बसणार? मुस्तफा तोंडात बसला आणि आपल्या देशात पोरांनी गेमचंच नाव मुस्तफा करून टाकलं. आता डब्याच्या यादीत कुणी 'मुस्तफा' शोधायला गेलं तर सापडणार नाही. आणि जपानी आवृत्ती सापडली तर तिचं नाव तिसरंच, 'कॅडिलॅक्स : क्योर्यू शिनसेकी', म्हणजे डायनोसॉरांचं नवं युग. गेम एक आणि नावं तीन. यादी फुगायला इथूनच सुरुवात होते.

आता हे गेम डब्यात शिरले कसे, ते थोडं समजून घेऊ.

पार्लरमधल्या कपाटात एक मोठी हिरवी पाटी असायची, तिला बोर्ड म्हणतात. त्या बोर्डावर काळ्या चिपा. गेमची चित्रं, आवाज, नियम, सगळं त्या चिपांत कायमचं कोरलेलं. गेम बदलायचा तर बोर्ड बदलायचा. पुढे लोकांनी त्या चिपांतली माहिती वाचून तिच्या फायली केल्या. पण नुसत्या फायली घेऊन काय करणार? त्या चालायला मूळचंच मशीन लागतं. म्हणून असा एक प्रोग्रॅम लिहिला की जो साध्या संगणकावर बसून त्या जुन्या मशीनचं सोंग घेतो. आपल्याकडे बहुरूपी येतो, कधी पोलिसाचं सोंग घेतो, कधी देवाचं, आणि समोरच्याला क्षणभर खरंच वाटतं. हा प्रोग्रॅम तसा बहुरूपी आहे. फायलींना वाटतं, आपण आपल्या जुन्या कपाटातच आहोत. अशा प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. त्यातला सगळ्यात नावाजलेला 'मेम'. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी तो १९९७ साली सुरू केला, मग जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. मेम फुकट आहे आणि तो वापरण्यात काही गैर नाही. पण बहुरूप्याचं सोंग वेगळं आणि त्याच्या झोळीतला माल वेगळा, हे लक्षात राहू द्या. मालाकडे आपण शेवटी येणार आहोत.

एकाच गेमच्या इतक्या आवृत्त्या का निघाल्या?

गिरणगावातल्या खाणावळी आठवा. गाव सोडून आलेल्या गिरणी कामगारांना तिथल्या बायाच जेवू घालत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, ते आपल्यातल्या पुष्कळजणींना माहीत असेल. चूल एक आणि बाई एक, पण कोकणातल्या गड्याला भात-माशाचं कालवण हवं, घाटावरच्याला भाकरी आणि तिखट. बाई ज्याला जे रुचतं ते वाढायची. गेम कंपन्यांनीही तेच केलं. जपानमध्ये विकायच्या बोर्डात जपानी अक्षरं, अमेरिकेच्या बोर्डात इंग्रजी. कुठे रक्त दाखवलं तर लोक ओरडतात म्हणून ते काढलं, कुठे गेम जास्त अवघड केला. शिवाय यात धंद्याचंही कारण होतं. एका देशासाठी दिलेला बोर्ड दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या विक्रेत्याचं नुकसान करू नये, म्हणून प्रत्येक देशाचा बोर्ड वेगळा. कितीतरी जपानी गेम सुरू होताना पहिल्याच पडद्यावर लिहिलेलं दिसतं की हा फक्त जपानमध्ये वापरायचा आहे.

आपल्याला हे नवीन नाही. प्रभात कंपनीने १९३७ साली 'कुंकू' काढला, तोच हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून आला. नायिका दोन्हींत शांता आपटे, गोष्ट तीच, नाव आणि बोली वेगळी. कुणी चित्रपटांची यादी करताना हे दोन म्हणून मोजले तर चूक नाही आणि एक म्हणून मोजले तरी चूक नाही. पण कुणी तुम्हाला 'दोन वेगळ्या गोष्टींची तिकिटं' म्हणून विकले, तर तुम्ही म्हणाल ना, अहो, ही तर तीच नीरा!

आता गेममधली उदाहरणं सांगतो, म्हणजे यादी वाचताना अडणार नाही.

पहिलं पॅक-मॅनचं. पिवळा गोळा तोंड उघडत-मिटत ठिपके खातो आणि भुतं मागे लागतात, तो गेम. जपानच्या नामको कंपनीने तो १९८० मध्ये काढला, तेव्हा नाव होतं 'पक-मॅन'. मचमच खाण्याच्या आवाजाला जपानीत 'पाकु पाकु' म्हणतात, त्यावरून. तोच गेम अमेरिकेत नेताना तिथल्या कंपनीला धास्ती वाटली की इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर कुणी टारगट पोराने जरासं खरवडलं तर घाणेरडी शिवी तयार होईल. म्हणून 'पॅक-मॅन' केलं, आणि तेच पुढे जगभर चाललं.

दुसरं स्ट्रीट फायटर दोनचं, साल १९९१. हेही कॅपकॉमचंच. त्यातल्या तीन गड्यांची नावं जपानमध्ये एक आणि बाहेर दुसरी आहेत. जपानी आवृत्तीत मुष्टियोद्ध्याचं नाव एम. बायसन. ते माइक टायसनच्या नावाच्या फार जवळ जातं, उगाच कोर्टकचेरी नको, म्हणून बाहेरच्या आवृत्तीत त्याला बॅलरॉग केलं. बॅलरॉग हे नाव आधी स्पेनच्या पंजेवाल्याचं होतं, त्याला व्हेगा केलं. आणि व्हेगा होता शेवटचा खलनायक, त्याला बायसन केलं. तीन मुलींची नावं एका रात्रीत आपसात बदलावीत, तसा प्रकार. दोन पोरं वेगवेगळ्या आवृत्त्या खेळली असतील तर भांडण ठरलेलं, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तिसरं कोनामीच्या १९८७ सालच्या काँट्राचं. तो युरोपच्या पार्लरांत 'ग्रायझर' नावाने गेला. यादीत 'क' खाली एक, 'ग' खाली दुसरा. विकणाऱ्याच्या हिशेबात दोन गेम.

ही फुगवाफुगवी काही आजची नव्हे. नव्वदीत घरच्या टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले, त्यांच्या पिवळ्या-निळ्या कॅसेटींवर 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार इन वन' असं छापलेलं असायचं. आत मारिओ, काँट्रा, रणगाडा असे मोजके गेम आणि तेच पुन्हा पुन्हा. एकात मारिओ पहिल्या पायरीवरून सुरू, दुसऱ्यात तिसऱ्या पायरीवरून. पोरांना ते कळत होतं, पण बाप पैसे देऊन मोकळा झालेला असायचा.

तर निवडायला बसायचं कसं? आम्ही दादाबरोबर बसून वहीत जे केलं ते सांगतो. संगणकावर यासाठी तयार प्रोग्रॅम आहेत, दादा तेही वापरतो. पण वहीवर एकदा केलं की डोक्यात बसतं.

बचतगटाच्या वहीसारखे रकाने आखले. गेमचं नाव, कंपनी, साल, कुठल्या देशाची आवृत्ती, भाषा कुठली, चालतो का, आणि शेवटी पोरांना दाखवण्यासारखा आहे का. देश कळायच्या खुणा तीन. पहिली म्हणजे नावापुढचा कंस. मेमच्या यादीत पूर्ण नावापुढे जग, अमेरिका, जपान, युरोप, आशिया, कोरिया, ब्राझील असं काहीतरी लिहिलेलं असतं, बहुतेकदा इंग्रजीत. आमच्या समोरच्या यादीत 'भारत' हा शब्द कुठेच नव्हता. आपल्याकडच्या पोरांनी इतके रुपये घातले, पण आपल्यासाठी म्हणून वेगळं काही वाढलेलं त्या ताटात दिसलं नाही. दुसरी खूण फायलीच्या छोट्या नावात. ही नावं पूर्वीपासून आखूड ठेवलेली असतात. मुस्तफाची जगाची फाईल 'डिनो', अमेरिकेची 'डिनोयू', जपानची 'डिनोजे'. शेवटचं अक्षर म्हणजे देशाचं आडनाव. सगळ्याच गेमना हे लागू पडत नाही, पण पुष्कळ ठिकाणी पडतं. तिसरी खूण गेम सुरू केल्यावर पडद्यावर दिसते. जपानचा इशारा वर सांगितलाच. अमेरिकेच्या आवृत्तीत बरेचदा तिथल्या एफबीआय या तपास संस्थेचं गोल चिन्ह येतं आणि जिंकणारे नशा करत नाहीत असा संदेश येतो. हा संदेश १९८९ पासून तिथल्या गेममध्ये घालायला सुरुवात झाली. दादा म्हणतो, परळच्या पार्लरात हा पडदा रोज दिसायचा, आणि त्याखाली उभा राहून पार्लरवाला विडी ओढायचा.

कंसात 'बूटलेग' असं दिसलं तर तो चोरटा बोर्ड. कंपनीच्या बोर्डाची कुणीतरी नक्कल करून स्वस्तात विकलेला. स्ट्रीट फायटर दोनचे असे चोरटे बोर्ड डझनांनी आहेत, त्यात गडी हवेतल्या हवेत वाट्टेल तसे गोळे सोडतात. गंमत म्हणून एखादा पाहायला ठीक. मोजणीत तो वेगळा गेम धरायचा नाही.

रकाने भरून झाले की एकाच गेमच्या सगळ्या आवृत्त्या एकाखाली एक घ्यायच्या आणि त्यातली एक ठेवायची. कुठली? आम्ही क्रम असा लावला. 'जग' असेल तर ती पहिली, कारण तिच्यात बहुधा इंग्रजी असतं आणि कुठल्या एका देशाच्या खास गोष्टी कमी असतात. ती नसेल तर युरोप किंवा अमेरिका, मग आशिया, शेवटी जपान. जपान शेवटी ठेवला तो फक्त भाषेसाठी. पण तिथे घाई नको. विमान उडवून गोळ्या झाडायच्या गेमला भाषा लागतेच कुठे? आणि काही गेम जपानबाहेर निघालेच नाहीत. ते जपानी म्हणून फेकून दिले तर चांगला दाणा कोंड्याबरोबर गेला. उलट प्रश्नमंजुषेचे जपानी गेम आपल्याला काहीच उपयोगाचे नाहीत, कारण प्रश्नच वाचता येणार नाही.

आता एक सापळा सांगतो. यात पुष्कळांचा साठा बिघडतो, म्हणून जरा कान देऊन ऐका.

मेममध्ये प्रत्येक गेमचं एक थोरलं घर धरलेलं असतं आणि बाकीच्या आवृत्त्या ही धाकटी घरं. एका वाड्यात दोन भावांच्या चुली वेगळ्या असतात, पण जातं, पाटा-वरवंटा, मोठं पातेलं थोरल्याकडेच असतं. धाकटी फक्त आपली तवा-कढई ठेवते, बाकीचं थोरलीकडून आणते. फायलींचंही पुष्कळदा असंच असतं. धाकट्या आवृत्तीच्या फायलीत फक्त तिच्या वेगळ्या चिपा असतात, सामाईक माल थोरल्या फायलीत. तुम्ही थोरली फाईल काढून टाकली की धाकटी उपाशी. दिसायला यादीत दिसते, पण चालू करायला गेलं तर बंद.

पॅक-मॅनच घ्या. मेमने थोरलं घर धरलंय ते जपानचं 'पक-मॅन'. आपल्याला माहीत असलेला अमेरिकेचा पॅक-मॅन हे धाकटं घर. कुणी म्हणालं, धाकट्या सगळ्या उडवा, तर पॅक-मॅनच गेला. कुणी म्हणालं, जपानच्या सगळ्या उडवा, तर पक-मॅन गेला आणि त्याच्यामागे पॅक-मॅनही आंधळा झाला. म्हणून फाईल पुसायची नाही. यादीतून नाव लपवायचं, माल जागेवर राहू द्यायचा. साठा तीन पद्धतींनी बांधलेला असतो. एकात भांडी थोरलीकडे, एकात सगळी घरं एकाच गाठोड्यात, आणि एकात प्रत्येक घराची भांडी स्वतंत्र. तिसरी पद्धत जागा जास्त खाते, पण तिच्यात काढ-घाल केली तर दुसऱ्याला झळ लागत नाही. आपला साठा कुठल्या पद्धतीचा आहे हे आधी विचारायचं.

असाच एक घोटाळा 'निओ-जिओ'चा. जपानच्या एस.एन.के. कंपनीचं हे मशीन १९९० चं. त्यात गेमची कॅसेट वेगळी आणि मशीनचा स्वतःचा मेंदू वेगळा. तो मेंदू जपानचा असला की कॅसेट जपानी दाखवते, अमेरिकेचा असला की तीच कॅसेट इंग्रजी. काही गेममध्ये रक्त दिसायचं की नाही हेही त्यावरच ठरतं. म्हणजे इथे देश गेममध्ये लिहिलेला नाही, मशीनमध्ये लिहिलाय. बाई तीच, माहेरी गेली की माहेरची बोली, सासरी आली की सासरची. साठ्यात 'निओजिओ' नावाची एक फाईल असते. ती गेम म्हणून चालत नाही, म्हणून नवखी माणसं तिला कचरा समजून पुसतात, आणि मेटल स्लगसारखे सगळे निओ-जिओ गेम एका दमात बंद पडतात.

इतकं करून डब्यातली यादी केवढी उरली? आम्ही पाच संध्याकाळी बसलो, सगळी यादी काही झाली नाही. पण जेवढी पाहिली त्यात वेगळे म्हणता येतील असे गेम निम्म्याहूनही पुष्कळ कमी निघाले. त्यातले काही चाललेच नाहीत. आणि काही असे निघाले की आम्ही टीव्ही बंद केला.

ते सांगायलाच हवं. जपानमध्ये माहजोंग नावाचा सोंगट्यांचा खेळ आहे. त्याचे कितीतरी व्हिडिओ गेम असे आहेत की डाव जिंकला की बाईचे कपडे उतरवलेले दाखवतात. नावावरून आपल्याला काही कळत नाही, चित्र येईपर्यंत वाटतं की पत्त्यांसारखं काहीतरी आहे. शिवाय जुगाराची मशीनं, पत्ते, फिरती चाकं, हेही अशा साठ्यांत असतात. हा डबा यात्रेत मांडून, आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या हातात दांडा देऊन आपण चहा टाकायला गेलो असतो तर? देशावार निवडण्याचा आम्हाला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो हाच. जपान लिहिलेल्या, फक्त जपानमध्येच निघालेल्या नावांचा गठ्ठा बाजूला केला आणि त्यातला एकेक गेम मोठ्या माणसाने आधी पाहिला. जपान वाईट म्हणून नव्हे. मुस्तफाही तिथलाच, पॅक-मॅनही तिथलाच. पण बाहेर विकायला काढलेला माल कंपनीने निदान एकदा चाळलेला असतो, घरच्या बाजारातला तसा असेलच असं नाही.

आता राहिला बहुरूप्याच्या झोळीतला माल कुणाचा, हा प्रश्न.

संगणकाचा प्रोग्रॅम हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती म्हणून धरला जातो. म्हणजे कायद्याच्या नजरेत कादंबरी आणि मुस्तफा एकाच फळीवर. १९८० चा गेम जुना वाटतो, पण त्याचे हक्क अजून कंपनीकडे आहेत. परवानगीशिवाय त्याची नक्कल करून विकणं गुन्हा आहे, आणि पैसे घेऊन भाड्याने द्यायचा हक्कही मूळ मालकाचाच असतो. ठाऊक असताना प्रोग्रॅमची चोरटी प्रत वापरली तर कलम ६३ ब खाली कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. घरी, कमाईसाठी नव्हे असं वापरलं तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर थांबू शकतं. यात्रेत दहा रुपये डाव म्हणजे मात्र उघड कमाई. विकणारा म्हणतो, सगळे विकतात, काही होत नाही. गिरगावजवळ लॅमिंग्टन रोडला, म्हणजे भडकमकर मार्गाला, संगणकाच्या सामानाची केवढी दुकानं आहेत. तिथे फिरताना दादाने नुसतं विचारून पाहिलं, या डब्यातल्या गेमच्या परवानगीचा कागद द्याल का? एका दुकानदाराने त्याला पाणी विचारलं, कागदाचं नाव काढलं नाही. गटाच्या नावावर बँकेत खातं आहे, कर्ज आहे, दरवर्षी हिशेब तपासले जातात. 'गेमचा डबा' या खर्चाला पावती कुठली जोडणार?

सरळ वाटा आहेतच. कॅपकॉमने आपले जुने पार्लरचे गेम एकत्र करून २०२१ मध्ये 'कॅपकॉम आर्केड स्टेडियम' म्हणून विकायला काढले, पैसे देऊन घेता येतात. त्यात पुष्कळ गेमना इंग्रजी की जपानी आवृत्ती हे निवडायची सोयही आहे, म्हणजे निवडानिवड कंपनीनेच करून दिली. पण तेही घरात खेळायला, स्टॉल लावून पैसे घ्यायला नव्हे. मेमच्या मंडळींनी मालकांच्या परवानगीने काही थोडे गेम फुकट दिलेत, ग्रिडली, रॉबी रोटो असे. तेसुद्धा कमाईसाठी वापरायचे नाहीत. शाळेच्या सुट्टीत गावातल्या संगणकावर पोरांना दाखवायला मात्र ते छान आहेत, आणि मेम कसा चालतो हेही त्यावर शिकता येतं.

आमच्या गटाने डबा घेतला नाही. यंदाच्या यात्रेत रिंग टाकून वस्तू जिंकायचा स्टॉल लावणार आहोत, बक्षिसं गटातल्याच बायांनी शिवलेली पाकिटं आणि पिशव्या. ग्रामपंचायतीच्या जागेचा अर्ज दिलाय. ज्या गटांनी मुंबईहून डबा आधीच आणलाय त्यांनी निदान तो पोरांपुढे ठेवण्याआधी वरचे रकाने आखून एक-दोन संध्याकाळी बसावं. वहीचं कोरं पान कसं आखायचं ते हवं असेल तर स्टुडिओत या, आम्ही काढून ठेवलंय. दर बुधवारी दुपारी आम्ही असतोच.

जाता जाता दादाने सांगितलेली एक गोष्ट. स्वतःच्या साठ्यात मुस्तफाची कुठली आवृत्ती ठेवायची यावर त्याचा आणि त्याच्या दादरच्या मित्राचा वाद आहे. मित्र म्हणतो, जगाची ठेव, वाचता येते. दादाने अमेरिकेची ठेवली आहे. का, तर ते एफबीआयचं चिन्ह आल्याशिवाय आपण परळमध्ये उभे आहोत असं त्याला वाटत नाही.